कपाटात डोकं घालणारा माणूस

जुन्या कपाटांचं कौतुक ज्यांना करायचं असेल त्यांनी ती आधी स्वतःच्या हातानं रिकामी करून बघावीत. मी वीस वर्षं जमवतोय, म्हणून सांगतो. आतून झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी डब्या निघतात. पालीच्या लेंड्या निघतात. उंदरांनी कातरलेल्या लुगड्याचा भुगा निघतो आणि त्या भुग्यात कधी कधी डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं वळवळत असतात. कुणाची तरी कवळी निघते, केसांचे गुंतवळ निघतात. परतूरच्या एका कपाटात मला नखांची पुडी सापडली होती. कुणीतरी आपली कापलेली नखं नीट कागदात बांधून, वर तारीख घालून ठेवली होती. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तरीही मी जमवतो. पण सगळी नाही. निजामाचं राज्य जाऊन आमच्याकडं नवी ऑफिसं, सोसायट्या, बँका आल्या, त्या काळातलीच. साधारण पंचावन्न ते सत्तर सालातली. जालन्याच्या सुतारांनी कुठल्याशा इंजिनिअरच्या मासिकातली चित्रं बघून ती केली. नक्षी नाही, कळस नाही, मोर नाहीत. सरळ रेघा, गोल कोपरे, पितळी मुठी, सरकती दारं आणि खाली निमुळते तिरके पाय. गावात त्यांना तिरक्या पायाचं कपाट म्हणतात. कल्याण त्यांना मिड-सेंच्युरी म्हणतो.

हा कल्याण म्हणजे आमच्या जिल्ह्यातला जुन्या लाकडाचा व्यापारी. वय पस्तीस, हातात दोन फोन. टेम्पोत भुशाच्या फळ्यांची नवी चकचकीत कपाटं घालून तो गावोगाव हिंडतो. दारावर आरसा, आरशावर राजहंसाचं स्टिकर. ते द्यायचं आणि घरातलं अस्सल सागवानी तिरक्या पायाचं कपाट उचलून आणायचं. लोक खुशीनं देतात. नवं कपाट एका पावसाळ्यात खालून फुगतं, दार लागेनासं होतं, तोवर जुनं पुण्याच्या कुठल्या तरी फ्लॅटमध्ये दिव्याखाली उभं असतं आणि त्याच्यावर एक कुंडी असते. मला या धंद्याची मनापासून शिसारी आहे. आणि रिटायर झाल्यापासून त्याच टेम्पोत पुढच्या सीटवर बसून मी हिंडतो, हेही सांगून टाकतो. बियाणांच्या कंपनीत चौतीस वर्षं काढल्यामुळं गावं माझ्या ओळखीची, म्हातारी माणसं माझ्याशी बोलतात. कल्याणला त्याचा उपयोग होतो, मला कपाटं बघायला मिळतात.

टेम्पोत तिसरे असायचे ख्वाजामियाँ. हे सगळं लिहायला बसलो ते त्यांच्यासाठी.

ख्वाजामियाँ पॉलिशवाले. सुतार नव्हे. खरं तर त्यांचे वडील जुन्या जालन्यातले नावाजलेले सुतार, त्यांनी केलेली कपाटं अजून निघतात. पण सुताराच्या कारखान्यात सरस शिजतो. हाडं-कातड्याचा तो डिंक दिवसभर शेगडीवर रटरटत असतो आणि त्याचा वास जो एकदा नाकात बसतो तो झोपेतही सुटत नाही. आठ-नऊ वर्षांचा ख्वाजा कारखान्यात पाय टाकला की भडभडा ओकायचा. वडिलांनी रागावून पाहिलं, मारून पाहिलं, लिंबू हुंगायला देऊन पाहिलं. शेवटी थकून त्याला बाहेर ओट्यावर बसवलं आणि स्पिरिटमध्ये चपडा लाख भिजवून पॉलिश मारायला हातात कापसाची पुरचुंडी दिली. तिथून पुढं साठ वर्षं हा माणूस ओट्यावरच राहिला.

इतका किळसवाणा, म्हणजे इतकी किळस येणारा माणूस मी पाहिला नाही. चहाच्या टपरीवर ओला कुत्रा शेजारून गेला की हातातला चहा ओतून द्यायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या काखेखाली घाम दिसला की हात धुऊन उठायचे. नोटा मोजून झाल्या की बोटं साबणानं धुवायचे. इमामबी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, “माझ्या घरी माणूस न्हाई, मांजर हाय. आधी हुंगतं, मंग खातं.” खांद्यावर कायम एक पांढरा रुमाल असायचा, रोज धुतलेला. काही घाण आली की तो रुमाल नाकावर चढायचा आणि मागं गाठ बसायची. रुमाल चढला की समजायचं, मियाँसाहेबांना वीट आला.

याच नाकावर पुढं कल्याणचा धंदा चालला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपाट जातं, खिडक्या लावून ए.सी. चालू होतो, आणि मग लाकडात मुरलेलं सगळं बाहेर येतं. उंदराचं मूत, रॉकेल, कुबट गोधडी, म्हाताऱ्याच्या मालिशचं तेल. कपाट परत. म्हणून उचलायच्या आधीच ख्वाजामियाँ ते तपासायचे. त्यांची रीत ठरलेली होती. सगळे खण काढून पालथे ठेवायचे. अंगठा ओला करून लाकडावर घासायचा आणि हुंगायचा. शेवटी कपाटात छातीपर्यंत शिरायचं, दोन्ही दारं बाहेरून आपल्या पाठीवर ओढून घ्यायची आणि तसंच थांबायचं. आम्ही बाहेर उभे. कपाटाला खालून दोन पाय फुटल्यासारखं दिसायचं. मग दार उघडून ते तोंड बाहेर काढायचे आणि एकच शब्द बोलायचे. “बराबर” किंवा “छोडो.”

कुणी वाद घातला तर म्हणायचे, “नाक खोटं बोलत न्हाई.”

एकदा एका कडक माळकरी घरात कपाट तपासलं. बाहेर येऊन म्हणाले, “हितं सुकट ठेवल्ती. वरच्या फळीला, डाव्या कोपऱ्यात.” घरधनी लालेलाल झाला. चार पिढ्यांची माळ, आमच्या घरात मासळी, वगैरे. ख्वाजामियाँ शांतपणे रुमाल सोडत होते. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली घरधन्याची ऐंशी वर्षांची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. ते हसू थांबेना. मुलगा तिच्याकडं बघतच राहिला. ते कपाट आम्ही सोडलं, पण येताना टेम्पोत कल्याणनं ख्वाजामियाँचे पाय धरले. “चाचा, तुमच्या नाकाचा विमा काढायला पाहिजे.”

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ख्वाजामियाँना ताप आला. तीन आठवड्यांत बरे झाले, वजन उतरलं, पुन्हा टेम्पोत बसायला लागले. तेच अंगठा घासणं, तेच कपाटात शिरणं, तेच “बराबर.” मला काही कळलं नाही. कल्याणला तर दोन फोनांपुढं काहीच कळत नाही.

कळलं ते दोन वर्षांनी, मे महिन्यात भर दुपारी. माझ्या एका कपाटाच्या मुठी बदलायच्या होत्या म्हणून मी त्यांच्या शेडवर गेलो. गल्लीच्या तोंडापाशीच वास आला. शेडच्या दारात तो सहन होईना. सदऱ्याची कड नाकाला लावून मी आत बघितलं. ख्वाजामियाँ फळीवर बसून भाकरी खात होते. अंबाडीची भाजी, कांदा, तोंडी लावायला ठेचा. त्यांच्यापासून दोन हातांवर एक कपाट उभं होतं. त्याच्या खालच्या खणातून काळपट काहीतरी ठिबकत होतं आणि त्यावर हिरव्या माशांचा थर बसला होता. त्यातल्या दोन-चार भाकरीवर येऊन बसत होत्या. ते हातानं हाकलत होते.

“या भाऊ, बसा,” ते म्हणाले. “भाकर खाता का?”

“ख्वाजामियाँ, इथं काय मेलंय?”

त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, नाकावर धरलेल्या सदऱ्याकडं बघितलं.

“कुठं?” त्यांनी विचारलं.

खण मीच ओढला. आत घूस होती, चार-पाच दिवसांची. तिचं वर्णन करत नाही. पत्र्याच्या तुकड्यावर ओढून मी ती गल्लीपलीकडं नेऊन टाकली आणि भिंतीला धरून ओकलो. परत आलो तर ख्वाजामियाँनी भाकरी कागदात गुंडाळून ठेवली होती. हात धुतले होते. रुमाल खांद्यावर तसाच होता.

“तापात गेलं नाक,” ते म्हणाले. “परत आलंच न्हाई. इमामबीला ठाव हाय, आन आता तुम्हाला.”

“आणि इतकी कपाटं तपासलीत ती?”

“डोळ्यानं बघून अंदाज करून राह्यलो. अन् कल्याणच्या तोंडाकडं बघतो. त्याला वास आला की त्याच्या भुवया हलतात.” मग म्हणाले, “भाऊ, वासाचं जाऊ द्या. मला किळसच येत न्हाई आता. आता ती घूस बघितली, तरी पोट ढवळलं न्हाई. आधी मी असा न्हवतो. कुणी दुसराच माणूस माझं जेवून राह्यलाय असं वाटतं.”

मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्या हातांनी मला आयुष्यात कधी शिवलं नव्हतं. “कल्याणला सांगू नका. पालिशवाले रग्गड मिळतात. मला तो नाकासाठी बोलावतो. नाक गेलं म्हटलं की मी बी भंगार.”

मी शब्द दिला. शब्दच नाही, युक्तीही दिली. तपासणीच्या वेळी मी कपाटाचं लाकूडकाम बघायच्या निमित्तानं आधी आत डोकं घालणार. वास असला तर मी खोकणार. नसला तर गप्प. मग ख्वाजामियाँ आपली सगळी रीत करणार आणि शब्द बोलणार.

आठ-नऊ महिने हे चाललं. किळस दुसऱ्यानं करायची आणि आपण त्याची गंमत बघायची, हे किती सोपं असतं ते मला तेव्हा समजलं. आता डोकं माझं होतं. अंधारात तोंड घातलं की कोळिष्टक ओठाला चिकटायचं. एकदा पाल कॉलरमधून आत गेली. एका कपाटात लहान पोराच्या लंगोटांचा साठ वर्षांपूर्वीचा वास होता, लाकडात शिरलेला, आंबट. घरी आल्यावर नंदा, माझी बायको, मला अंगणातच आंघोळ घालायची आणि म्हणायची, “बारा कपाटं झाली घरात. माणसानं बसायचं कुठं? आन ह्यो असला वास घेऊन तुम्ही पलंगावर यायचं न्हाई.” पण मी खोकायचो ते खरं खोकायचो आणि गप्प राहायचो ते खरं गप्प राहायचो. तेवढं मात्र पक्कं होतं. ख्वाजामियाँ टेम्पोत चढताना आता माझ्याकडं बघून नुसती मान हलवायचे. आपला कान दुसऱ्याच्या हातात द्यायलाही माणूस धजत नाही, त्यांनी तर आपली सगळी इज्जत दिली होती.

आता वाटूरचं सांगतो.

वाटूर माझं गाव. तिथं फाट्याजवळ बी-बियाणांचं एक जुनं दुकान होतं. सात वर्षांचा असताना वडिलांचं बोट धरून मी त्या दुकानात गेल्याचं मला लख्ख आठवतं. भिंतीला एक कपाट होतं. आडवे सात, उभे सहा, असे बेचाळीस लहान खण. प्रत्येक खणावर पितळी चौकट, चौकटीत कार्ड, कार्डावर सुबक अक्षर. ज्वारी, करडई, अंबाडी, कपाशी, तीळ. खाली तिरके पाय. मी ते खण मोजत उभा राहिलो आणि वडिलांचं बियाणं घेऊन झालं तरी हललो नाही. पुढं चौतीस वर्षं बियाणांच्या कंपनीत काढली ती बहुतेक त्या कपाटापायीच. दुकान कधीच बंद पडलं. म्हातारा दुकानदार गेला. त्याची विधवा सून दैवशाला तिथं राहत होती, आणि दर दोन-तीन वर्षांनी मी तिला विचारायचो. ती म्हणायची, “मामंजींचं हाय भाऊ, असू द्या.”

फेब्रुवारीत टेम्पो त्या दुकानासमोर थांबला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी उतरलो. दैवशालाला ती खोली मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायची होती. तिनं कल्याणच्या नंबरावर फोटो पाठवला होता. मला नव्हता पाठवला. कल्याणनं तो फोटो पुण्याला पाठवला आणि तासाभरात गिऱ्हाईक ठरलं. कुणी बाई होती, तिला स्वयंपाकघरात मसाले ठेवायला हवं होतं. एका खणात लवंग, एका खणात दालचिनी. माझ्या बेचाळीस खणांत ती बाई दालचिनी ठेवणार होती. मला किळस आली.

“चाचा, नीट बघा हां,” कल्याण म्हणाला. “खाण्याच्या वस्तूसाठी हाय. बियाणाचं दुकान होतं, औषध-बिषध ठेवलं असंल तर नको. लहान पोरं हायेत त्यांच्या घरी.”

मी आधी पुढं झालो. प्रत्येक खण काढून हुंगला. खालची रांग तर दोनदा. सुकलेल्या सागाचा वास होता, जुन्या कागदाचा होता, आणि अगदी तळाला अंबाडीच्या बियांचा किंचित तुरट वास होता. साठ वर्षांपूर्वीचाच. औषधाचा मागमूस नव्हता, आणि इतका चांगला वास मी वीस वर्षांत हुंगला नव्हता.

मी शेवटचा खण जागेवर लावला आणि खोकलो.

एकदा नाही, दोनदा खोकलो. ख्वाजामियाँनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी अंगठा ओला करून खालच्या खणाच्या लाकडावर घासला, हुंगला, खण पालथा केला आणि म्हणाले, “छोडो. जहर ठेवल्यालं हाय यात. खालच्या रांगेत. खाण्याची चीज ठेवू नका.”

दैवशाला दारात उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं. “न्हाई चाचा. मामंजींनी औषधाला हितं कधी हात लावू दिला न्हाई. औषधाची खोली परसात वायली होती. बियाणाला शिवायच्या आधी हात धुवायला लावायचे गिऱ्हाइकाला.”

“बाई,” ख्वाजामियाँ हळूच म्हणाले, “नाक खोटं बोलत न्हाई.”

बाहेर ओट्यावर फाट्यावरची तीन-चार रिकामी माणसं जमली होती. त्यांतला एकजण म्हणाला, “म्हंजे बियाणात औषध मिसळत हुता का काय म्हातारा?” बाकीचे हसले. दैवशाला आत गेली आणि परत बाहेर आली नाही.

कल्याणनं मात्र त्याच जागी पुण्याला फोन लावला आणि सौदा मोडला. मला त्या क्षणी त्याचा राग आला, कारण तो चांगला वागला होता. मी म्हणालो, “मला शोभेला ठेवायचंय, मी घेतो.” कल्याण म्हणाला, “घ्या काका, पण हात लावल्यावर धुवा.” भंगाराच्या भावात ते बेचाळीस खण माझ्या घरी आले. टेम्पोत सगळ्या रस्त्यानं ख्वाजामियाँ माझ्या शेजारी बसले होते आणि मला म्हणत होते, “भाऊ, आज तुम्ही न्हसता तर त्या पोरांच्या तोंडात गेलं असतं. अल्ला तुमचं नाक सलामत ठेवो.”

तिसऱ्या दिवशी ते पॉलिश करायला माझ्या घरी आले. मी बोलावलं नव्हतं. “तुमच्यासाठी मी फुकट करतो,” म्हणाले. मी कपाट ओसरीवर काढून दिलं.

सकाळपासून ते ओसरीवर बसून एकेक खण पुसत होते. वरच्या पाच रांगा झाल्या. दुपारी खालच्या रांगेला हात घातला. हात घालायच्या आधी त्यांनी बोटांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, जहर लागू नये म्हणून. मी आरामखुर्चीत पेपर धरून बसलो होतो. पहिला खण त्यांनी पालथा केला. तळाला जुना वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला होता. तो त्यांनी पटाशीनं सोडवला.

कागदाखालून झुरळं पळाली. मोठी, बारकी, पांढुरकी, नुकती कात टाकलेली. ओसरीभर पसरली. कागदाच्या पाठीला अंड्यांच्या डब्या चिकटल्या होत्या, जुन्यावर नव्या, त्यांच्यावर आणखी नव्या. कसरीनं कागदाची जाळी केली होती आणि त्या जाळीतून चंदेरी कसर अजून सरपटत होती. ख्वाजामियाँनी दुसरा खण सोडवला. तिसरा सोडवला. सातही खण सोडवले. प्रत्येकात पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती.

बराच वेळ ते त्या किड्यांकडं बघत बसले. मग बोटांच्या पिशव्या काढून बाजूला ठेवल्या.

“भाऊ,” ते म्हणाले, “तुम्हाला काय वास आल्ता?”

“आला होता काहीतरी.”

“जहर असतं तर हे जगले असते का?”

मी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ख्वाजामियाँ माणूस साधा होता, पण मूर्ख नव्हता. त्यांनी बेचाळीस खणांकडं बघितलं, मग उघड्या दारातून आतल्या खोलीत भिंतीला लावलेल्या माझ्या बारा कपाटांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. झटकला, नीट घडी घातली आणि नाकावर बांधला. मागं गाठ मारली. तीन वर्षांत मी तो रुमाल त्यांच्या नाकावर पाहिला नव्हता.

मला वाटलं ते उठून जातील. ते उठले नाहीत. अर्धा हात मारून सोडला की पॉलिशला डाग पडतात, म्हणून ते बसून राहिले आणि त्यांनी राहिलेले सातही खण पुसले, घासले, लाखेचे तीन हात दिले. झुरळांच्या मधे बसून, नाकावर रुमाल बांधून, एकदाही मान वर न करता. माझ्या ओसरीवर स्पिरिटचा वास भरून राहिला होता.

चार वाजता नंदा चहा घेऊन आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, ना नाकाचं, ना खोकल्याचं. रुमाल बघून म्हणाली, “काय ख्वाजाभाई, घाण येऊन राह्यली का कशाची? ह्यांच्या कपाटांनी घराचा उकिरडा केलाय बघा.”

“हौ भाभी,” ते रुमालाच्या आतून म्हणाले. “लई दिवसांनी आली.”

चहा त्यांनी घेतला नाही. पुरचुंड्या गोळा केल्या, बाटल्यांची बुचं लावली, आणि गेले. तीन हात दिलेलं ते कपाट ओसरीत असं चमकत होतं की मला त्याच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं वाटूरला गेले. हे मला दैवशालाच्या फोनवरून कळलं. बिचारीनं मला मुद्दाम आनंदानं फोन केला होता. “भाऊ, ते चाचा आल्ते. आमच्या ओट्यावर उभं राहून, फाट्यावरच्या समद्या लोकायला बोलावून सांगितलं. म्हणले, माझं नाक तीन वर्षांपासून मेल्यालं हाय, मी खोटं बोललो, ह्या घरात बियाणाजवळ कधी जहर ठेवलं न्हाई. माझ्या मामंजींच्या फोटोपुढं हात जोडले त्यांनी. एवढा म्हातारा माणूस, भाऊ, मला रडूच आलं.”

“अजून काही म्हणाले?” मी विचारलं.

“न्हाई. चूक माझी म्हणले. दुसरं काही न्हाई.”

कल्याणलाही त्यांनी स्वतःच सांगितलं, तेवढंच. माझं नाव कुठंच घेतलं नाही. त्यानंतर टेम्पोत त्यांची जागा रिकामी असते. कल्याणनं आता एक यंत्र मागवलंय, हवेतला ओलावा सांगणारं, त्याच्यावर तो विसंबतो. ख्वाजामियाँ शाळेच्या बाकड्यांना आणि लग्नाच्या पाटांना पॉलिश मारतात. दोनदा मी त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा कोपऱ्यावरूनच परत फिरलो, कारण रुमाल त्यांच्या खांद्यावर दिसत होता, आणि मला बघून तो कुठं जाईल ते मला माहीत होतं.

मी इतकी वर्षं घाण उपसली. पाली, घुशी, लंगोट, नखांची ती पुडी. त्यातल्या कशानंही मला माझ्या त्या दोन खोकल्यांइतकं मळमळत नाही.

कपाट आहे. दैवशालाला परत नेऊन देतो म्हणालो, तर ती म्हणाली, आता खोलीत मोबाइलचं दुकान आलंय, ठेवायचं कुठं, तुमच्याकडंच शोभतं भाऊ. बेचाळीस खण रिकामे आहेत. हुंगले तर अजून अंबाडीचा वास येतो. नंदा दर चार दिवसांनी विचारते, एवढे छान खण आहेत, मसाले ठेवू का त्यात? मी नको म्हणतो. का नको, ते अजून मी तिला सांगितलेलं नाही.